विसरणाऱ्या माणसांची वही

आशाताई घरोघरी जाऊन सीबॅकचा फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरतात. त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात बीपी-शुगर कुणाला आहे, हे सगळं विचारून झाल्यावर या प्रश्नाची पाळी येते. तोवर ताई दमलेली असते आणि म्हातारं माणूसही कंटाळलेलं असतं. बहुतेक वेळा सूनच मधून सांगते, "हाव, विसरतेत की. वय झालं आता." ताई ‘होय’वर खूण करते आणि पुढच्या घराकडं वळते.

त्या खुणेचं पुढं काय होतं, हे मला फार दिवसांपासून छळत होतं. मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सामाजिक कार्यकर्ती आहे. बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई, केज आणि तिथून खाली लातूरच्या हद्दीपर्यंतची गावं, हा माझा रोजचा रस्ता. ‘होय’ आला की त्या माणसाला पुढं तपासणीला पाठवायचं, असा नियम आहे. पण कुणाकडं पाठवायचं, तिथं काय तपासतात, आणि तपासून झाल्यावर घरच्यांनी काय करायचं, हे त्या साखळीतल्या कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. फॉर्म आशाताईकडून सीएचओकडं, म्हणजे उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडं, जायचा, तिथून ऑनलाइन चढायचा, आणि म्हातारं माणूस ओसरीवर होतं तिथंच बसलेलं असायचं.

आपल्या देशात साठीपुढच्या माणसांमध्ये डिमेन्शियाचं, म्हणजे वाढत जाणाऱ्या विस्मरणाच्या आजाराचं, प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. देशभर घरोघरी जाऊन केलेल्या मोठ्या अभ्यासातून तो निघाला आहे. बायकांमध्ये, खेड्यांत आणि शाळा न शिकलेल्यांत हे प्रमाण जास्त, हेही त्यात आलं. आमच्या भागातल्या सत्तरीच्या कुठल्याही आजीला या तिन्ही गोष्टी लागू पडतात. निजामाच्या राज्यात आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं इथल्या मुलींना शाळेचं तोंड दिसलं नाही. आता साधा हिशेब करा. एका उपकेंद्राखाली साधारण ५,००० वस्ती. दहातलं एक माणूस साठीपुढचं धरलं तर ५००. म्हणजे एकेका उपकेंद्राच्या हद्दीत पस्तीस-चाळीस घरांत हा आजार असायला हवा. आमच्या रजिस्टरला दोन-तीन नावंही नसायची. बाकीची घरं कुठं गेली? ती तिथंच होती. तिथं आशाताई जात होती, सिस्टर जात होती, मेडिकलवाल्याकडून गोळ्या जात होत्या, नातू शाळेत जात होता. त्या घरातलं थोडं थोडं प्रत्येकाला ठाऊक होतं, पण कुणी कुणाला सांगत नव्हतं. एवढंच आधी सुरू करावं, असं मला वाटलं. नवी इमारत, नवं पद, नवी योजना जेव्हा येईल तेव्हा येईल.

पहिल्यांदा आम्ही जमलो ते एका शनिवारी दुपारी, ओपीडी संपल्यावर. एक फिजिशियन सर, आमच्या मानसोपचार तज्ज्ञ मॅडम, तीन उपकेंद्रांचे सीएचओ, आशांवर देखरेख करणाऱ्या एक गटप्रवर्तक ताई, एक तरुण फिजिओथेरपिस्ट आणि मी. पुढं औषध दुकानदार भाऊ आले, झेडपीच्या शाळेवरचे एक गुरुजी आले, पोलीस ठाण्याचे जमादार आले, तहसीलमध्ये निराधार योजनेच्या फायली बघणारे एक लिपिक आले. ही माणसं कशी येत गेली ते पुढं येईलच.

पहिल्या बैठकीत फिजिशियन सरांनी सरळ विचारलं, "मॅडम, औषधानं बरा होणारा आजार नाही. निदान करून त्या घराला आपण देणार काय?" प्रश्न टाळायचा म्हणून त्यांनी तो विचारला नव्हता. त्यांच्या ओपीडीत रोज शंभरावर माणसं असतात, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मानसोपचाराच्या मॅडमनी जे सांगितलं ते मला आजही उपयोगी पडतं. त्या म्हणाल्या, "सर, विसरणारं प्रत्येक माणूस डिमेन्शियाचं नसतं, हे आधी आपण बघायला पाहिजे. बी-बारा जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉइड असेल, पडून डोक्यात रक्त साकळलं असेल, नैराश्य असेल, तर यातलं बरंच तुमच्या हातानं सुधारतं. आणि खरोखर डिमेन्शियाच निघाला तर निदान घरच्यांना कळतं की म्हातारी मुद्दाम त्रास देत नाही. हे कळलं की मारहाण थांबते." शेवटच्या वाक्यावर सगळे गप्प झाले. घरात म्हाताऱ्या माणसाला मारतात, हे सगळ्यांनीच पाहिलेलं होतं. सर म्हणाले, "पाठवा माझ्याकडं. बुधवारी दुपारी मी वेळ ठेवतो." त्यांनी तो आजवर ठेवलेला आहे.

गयाबाईंचं सांगते. नाव बदललं आहे. वय पंचाहत्तरच्या आसपास. आमटीत दोन-दोनदा मीठ पडायला लागलं, लुगडं उलटं नेसू लागल्या, थोरल्या नातवाला मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारू लागल्या. घरच्यांनी आधी देवऋषी केला. मग एका डॉक्टरकडं नेलं, मग दुसऱ्या, मग पाहुण्यांनी सांगितलं म्हणून तिसऱ्या गावच्या तिसऱ्याकडं. दिवसभर पेंगायच्या, रात्री उठून दार उघडायच्या, चालताना भिंत धरायच्या. बुधवारी मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा त्याच्या हातात एक काळी कॅरीबॅग होती. सरांनी ती टेबलावर उपडी करायला सांगितली. अर्धवट संपलेल्या पाकिटांचा ढीग पडला. काही पाकिटांच्या पाठीमागं नाव वाचता येईल एवढीही पट्टी शिल्लक नव्हती.

त्या दिवशी मी औषध दुकानदार भाऊंना फोन करून बोलावून घेतलं. ते समोरचं दुकान सोडून आले, चष्मा कपाळावर चढवला आणि पत्ते लावावेत तशी पाकिटं लावत गेले. बीपीची, शुगरची, पित्ताची, चक्करची. मग दोन पाकिटं शेजारी ठेवून म्हणाले, "सर, ही दोन्ही एकच गोळी आहे. कंपन्या वेगळ्या." झोपेची गोळी होती, अल्प्राझोलाम. एका डॉक्टरनं लिहिलेली चालूच होती, त्यात दुसऱ्याची पडली. भर म्हणून सर्दी-खाजेची एक जुनी गोळी रोज रात्री जात होती, ‘तिनं झोप चांगली लागते’ म्हणून. म्हाताऱ्या माणसाला त्या गोळीनं झोप येते, पण डोकंही धुरकटतं. बी-बारा तपासलं तर तेही फार खाली आलेलं.

झोपेची गोळी एकदम तोडली नाही, हळूहळू उतरवली. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून सीएचओ दर आठवड्याला घरी जाऊन किती गोळ्या उरल्या ते मोजून यायच्या. बी-बाराची इंजेक्शनं उपकेंद्रातच दिली. महिना-दीड महिन्यानं गयाबाई भिंत न धरता चालायला लागल्या, दिवसा जाग्या राहू लागल्या. नातवाचं नाव मात्र परत आलं नाही. विसरणं होतंच. मॅडमनी सगळी तपासणी करून अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, असल्याचं सांगितलं, डोनेपेझिल सुरू केली, आणि सुनेला समोर बसवून समजावलं की ही गोळी आजार थांबवणार नाही, थोडा आधार देईल. सून म्हणाली, "काय का असंना. आत्या भिंतीला धरून चालत होत्या ते तर गेलं." एकट्या मॅडमना किंवा एकट्या सरांना हे जमलं नसतं. ती दोन पाकिटं ओळखणारा माणूस त्या खोलीत लागत होता. तेव्हापासून दुकानदार भाऊ बैठकीला येतात. म्हातारं माणूस आलं की त्याची पिशवी बघितल्याशिवाय झोपेची गोळी द्यायची नाही, असं त्यांनी आपल्या ओळखीच्या दुकानदारांनाही सांगून ठेवलं आहे.

तपासणीबद्दल थोडं लिहायला हवं, कारण आमच्याकडं ती तिथंच अडते. जगभर चालणारी जी छोटी स्मृतिचाचणी आहे ती १९७५ सालची. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य लिहा, आकृती काढा, असं असतं. अंगठा उठवणाऱ्या आजीला पेन दिलं की ती भिऊन गप्प होते, आणि आजार नसताना नापास होते. शाळा न शिकलेल्या माणसांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करून हिंदीत वेगळी चाचणी बसवली गेली, ती नव्वदच्या दशकात. मॅडम तिच्या आधारानं मराठीत प्रश्न विचारतात. पण आमच्या बैठकीत गटप्रवर्तक ताईंनी जे सुचवलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्या म्हणाल्या, "येळवसाचं विचारा ना." वेळ अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव शिवारात असतं. कडब्याची कोप करायची, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. कुठल्याही आजीला विचारलं, "माय, येळवसाची भज्जी कशी करतेत?" की ती आधी मोकळी होते आणि मग सांगायला लागते. चांगल्या डोक्याची आजी कोणत्या शेंगा आधी शिजत घालायच्या, पीठ कधी लावायचं, हे क्रमानं सांगते. जिचं डोकं हरवत चाललंय ती दोन पायऱ्या सांगून परत पहिलीवर येते, किंवा मधेच आईच्या घरच्या शिवारात जाते आणि तिथंच राहते. ही काही चाचणी नाही, याच्यावर निदान करत नाही. पण कुणाला बुधवारी आणायचं हे आशाताईला यातून कळतं, आणि ‘विसरता का’ या प्रश्नापेक्षा कितीतरी बरं कळतं.

आता वहीचं. अशा प्रत्येक माणसाची एक, शंभर पानी साधी शाळेची वही. ती घरातच राहते. माणूस जिथं जाईल तिथं वही जाते. डॉक्टरांनी काय चालू केलं, काय बंद केलं आणि का, ते मराठीत लिहायचं. ‘मराठीत’ यावर सुरुवातीला कुरबुर झाली. हात इंग्रजीला बसलेला असतो, मला समजतं ते. पण ती वही नववी शिकलेली सून वाचणार आहे. पहिल्या पानावर आजाराचं नाव नसतं. तिथं माणसाला घरात काय म्हणतात, काय आवडतं, कशाला भितात, चिडले की कशानं शांत होतात, हे असतं.

त्या पहिल्या पानाचा उपयोग मला एका आबांच्या वेळी कळला. आबा पहाटे चारला उठून घर सोडायचे. कुणी अडवलं तर काठी उगारायचे. मुलगा म्हणायचा, "कुठं चाल्लाव म्हणलं तर कामावर म्हणतेत. कामं सोडून वीस वर्षं झाली." एकदा ते फाट्यावर जाऊन एसटीत बसले. पंचाहत्तरच्या पुढं एसटीला तिकीट लागत नाही, आणि आधार कार्ड सदऱ्याच्या खिशात असायचंच. कंडक्टरनं बघितलं, शून्याचं तिकीट दिलं, आबा थेट लातूरला. उन्हाचे दिवस, पारा चाळीसच्या पुढं. संध्याकाळी स्टँडवर एका बाकाखाली पडलेले सापडले. आधारवरच्या पत्त्यावरून पोलिसांनी आमच्या ठाण्याला कळवलं, जमादारांनी गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. पाणी कमी पडल्यानं दोन दिवस ते कुणालाच ओळखत नव्हते. घरच्यांना वाटलं आजार एकदम वाढला. तसं नसतं. डिमेन्शिया असा एका दिवसात वाढत नाही. एकदम बिघडलं की ऊन, लघवीचा संसर्ग, ताप, पडणं, नवी गोळी, यातलं काहीतरी बहुतेक वेळा असतं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं. हे आता प्रत्येक वहीच्या पाठीमागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

आबा कुठं निघत होते हे फिजिओनं शोधून काढलं. तो त्यांचे गुडघे बघत होता आणि सहज गप्पा मारत होता. "आबा, हातावर हा घट्टा कशाचा?" आबा म्हणाले, "खडी फोडली की बाप्पा. हजेरी चुकली की सुकडी मिळंना." १९७२ च्या दुष्काळात ते बाविशीतले असतील. मराठवाड्यातली कितीतरी माणसं तेव्हा तलावाच्या आणि रस्त्याच्या दुष्काळी कामावर होती, तिथं खायला सुकडी मिळायची. आबा पहाटे चारला त्या कामावर निघत होते, हजेरी लावायला.

मग काय करायचं यावर आमची मोठी चर्चा झाली. मुलगा दाराला कुलूप लावायच्या बेतात होता. फिजिओ म्हणाला, चालणं त्यांच्या तब्येतीला चांगलंच आहे, अडवू नका, सोबत जा. तेव्हापासून मुलगा नाही तर नातू पहाटे त्यांच्याबरोबर शिवाराच्या बांधापर्यंत जातो. तिथं थांबून म्हणतो, "आबा, हजेरी लागली तुमची." आबा मान हलवतात आणि माघारी फिरतात. वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य लिहिलेलं आहे. पुढं एकदा ते एकटे निसटले तेव्हा फाट्यावर जमादारांच्या माणसानं त्यांना हात न लावता एवढंच विचारलं, "आबा, हजेरी लागली का?" आणि ते त्याच्या मोटरसायकलवर बसून घरी आले. पावसाळ्यात हे जमत नाही. चिखलात बांधापर्यंत जाता येत नाही, आबा चिडतात, घर वैतागतं. त्यावर अजून काही सापडलेलं नाही. एसटीच्या आगारात मात्र जाऊन आलो. आबा-आजी एकटेच बसले, कुठं उतरायचं सांगता येईना, तर कंडक्टरनं पुढच्या स्टँडच्या कंट्रोलरकडं त्यांना सोपवायचं, एवढं आगारातल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि सूचना फलकावर लावलंही.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले ते.

दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि टोळ्या निघतात सांगली-कोल्हापूरकडं, पुण्याकडं, कर्नाटकात. परत येणं पाडव्याच्या सुमाराला. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने कितीतरी घरांत मधली पिढीच नसते. म्हातारी माणसं आणि लेकरं. लेकरांचा विचार सरकारनं केला आहे. त्यांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. ती कशी चालतात यावर बोलता येईल, पण निदान आहेत. म्हाताऱ्या माणसाची अशी कुठंही नोंद नाही. उलट त्यांच्यावरच लेकरं सोपवून जातात. जी आजी आमटीत दोनदा मीठ घालते तिच्या हाताखाली दोन लेकरं आणि एक शेळी.

गयाबाईंच्या घरीही हेच होतं. आम्ही गोळ्या नीट लावल्या, वही केली, सुनेला सगळं शिकवलं, आणि दसऱ्यानंतर सून फडावर निघून गेली. जाऊ नको असं तिला कुणी कशाच्या जोरावर सांगायचं? उचल फिटायची होती. मागं राहिला अकरा वर्षांचा नातू. शाळेत त्याची गैरहजेरी वाढली म्हणून गुरुजी घरी गेले, तेव्हा पोरगा आजीला न्हाऊ घालत होता. गुरुजींनी मला फोन केला आणि पुढच्या शनिवारी ते बैठकीला येऊन बसले.

त्या पोराकडून मी जे शिकले ते कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते. ताट समोर ठेवलं की आजी खात नाही, भाकरी दुधात कुस्करून वाटी हातात दिली की खाते. अंघोळीला चल म्हटलं की भांडते, पण आधी पायावर कोमट पाणी सोडलं की स्वतःच पुढं सरकते. दिवेलागणीला ‘माझ्या घरी जायचं’ म्हणून रडते, तेव्हा तो तिच्या पुढ्यात शेंगा ओततो आणि दोघं फोडत बसतात. आम्ही हे सगळं त्याच्याच अक्षरात वहीत लिहून घेतलं. फिजिओनं वाचून सांगितलं, हे अगदी असंच शिकवतात. पण पोराला हे सगळं येतं म्हणून ते त्याच्यावर टाकायचं नसतं. अकरा वर्षांच्या लेकरानं आजीचं न्हाणं-धुणं करावं आणि आपण त्याचं कौतुक करून घरी जावं, हे मला मान्य नाही. गुरुजींनाही नव्हतं.

त्या हंगामात जे जमलं ते असं. शेजारच्या चुलत सासूनं सकाळचं न्हाणं घेतलं. शाळा आठ घरांवरच, म्हणून दुपारच्या सुट्टीत पोरगा घरी येऊन आजीला जेवू घालून परत जाऊ लागला, गुरुजींनी तेवढी सवलत दिली. आशाताई एक दिवसाआड डोकावायची, सीएचओ पंधरा दिवसांनी. आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी मी सुनेला फडावर फोन लावून आत्याशी बोलायला द्यायची. गयाबाईंना फोनवरचा आवाज कुणाचा ते कळायचं नाही, पण सुनेला त्याची गरज होती. ती फडावर रात्र रात्र जागायची, बीपी वाढलेलं असायचं. सांभाळणाऱ्याची तब्येत बिघडते ती अशी, लांब असूनही.

बाहेरच्या माणसांनी थोडं शिकून, आठवड्यातून थोडा वेळ देऊन काही फरक पडतो का, असं मला कुणी विचारलं तर मी गोव्याचं उदाहरण देते. तिथं ८१ कुटुंबांवर अभ्यास झाला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. गावातल्याच माणसांना थोडं प्रशिक्षण दिलं, त्यांनी घरी जाऊन आजार समजावला, वागणूक कशी सांभाळायची ते दाखवलं, सरकारी योजनांची वाट दाखवली, मागं मानसोपचार तज्ज्ञ उभे राहिले. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण त्यानं कमी झाला. गोव्यात झालं ते आमच्याकडं जसंच्या तसं होणार नाही. तिथून टोळ्या जात नाहीत. पण आशाताई, सीएचओ आणि मागं एक तज्ज्ञ, ही बांधणी आमच्याकडं आधीच पगारावर आणि मानधनावर उभी आहे.

आणखी एक गोष्ट, ती आमच्या फिजिशियन सरांची लाडकी आहे. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात १४ कारणं दिली आहेत. ती सगळी दूर करता आली तर डिमेन्शियाचे ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टळतील किंवा लांबतील, असं त्यात म्हटलं आहे. त्यात बीपी आहे, शुगर आहे, धूम्रपान आहे, ऐकू न येणं आहे, आणि नव्यानं नजर कमी होणंही घेतलं आहे. सर म्हणतात, मोतीबिंदूचं शिबिर हेसुद्धा आपलंच काम. आता शिबिराच्या यादीत वहीवाल्यांची नावं आधी जातात.

जे होत नाही तेही लिहिते. दिवसभर माणूस ठेवून कामाला जाता येईल अशी जागा आमच्या तालुक्यात नाही. डॉक्टरांच्या बदल्या होतात, आणि वही हातात घेऊन "हे काय?" म्हणणाऱ्या नव्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. निराधारच्या पगारासाठी हयातीचा दाखला लागतो, अंगठा उमटत नाही, सही येत नाही, पगार अडतो. तहसीलमधले आमचे लिपिक भाऊ अशा फायली बाजूला काढून ठेवतात, पण ते एकाच टेबलावर आहेत. दिव्यांग हक्काच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. त्या आधारे प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला आम्ही घरांना सांगतो, आणि प्रत्येक वेळी व्याख्येची छापील प्रत सोबत देतो. रात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मराठीत बोलतो, तो वहीच्या कव्हरवरच चिकटवलेला आहे.

यंदा दसऱ्याच्या आधी आम्ही याद्या करतो आहोत. आशाताई आणि गुरुजी मिळून: कोणत्या घरातून कोयता जाणार, मागं विसरणारं माणूस कोण, त्याच्याजवळ लेकरू कोणतं, शेजारी कोण. आणि पुढच्या शनिवारी पहिल्यांदाच दोन मुकादमांना बोलावलं आहे. एक जण यायला लगेच तयार झाला, त्याची स्वतःची आई घरात चुलीजवळ दोनदा भाजली आहे. दुसऱ्याला अजून समजत नाही की डॉक्टरांच्या बैठकीत त्याचं काय काम. त्याच्याकडून आम्हाला दोनच गोष्टी हव्या आहेत. टोळी या फडावरून त्या फडावर हलते, मुलाचा फोन लागत नाही, मुकादमाचा मात्र नेहमी लागतो, म्हणून त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर राहील. आणि घरून सीएचओचा फोन गेला की जोडीतल्या एकाला दोन दिवस गावाकडं सोडायचं, त्याची मजुरी उचलीत न धरता. दुसऱ्या गोष्टीवर वाद होणार. पहिली तरी त्या दिवशीच लिहून घ्यायची आहे.